खिशातला पारंपरिक चाकू: दर्जा कुठे दिसतो आणि पैसे कुठे जातात

दोन चाकू शेजारी ठेवा. दोन्हींना हाडाची मूठ, दोन्हींची टोके चकचकीत, दोन्हींची पाती सारख्याच लांबीची. एकाची किंमत मात्र दुसऱ्याच्या पाचपट. नवख्या डोळ्याला फरक दिसत नाही, म्हणून तो महागाला चांगला समजून घेतो, नाहीतर स्वस्तात तेच मिळतंय म्हणून खूश होतो. दोन्ही अंदाज चुकू शकतात. चाकू किती नीट बनवलाय हा झाला त्याचा दर्जा. दिलेल्या पैशांत तो तुमच्या कामाला किती येतो हे झालं त्याचं मोल. काही अंतरापर्यंत या दोन गोष्टी बरोबर चालतात, मग त्यांच्या वाटा फुटतात. ती जागा आपली आपल्याला ओळखता यावी, एवढ्यासाठी हा लेख.

इथे पारंपरिक चाकू म्हणजे मुख्यतः स्लिपजॉइंट. यात पाते अडकवणारं लॉक नसतं. पाठीतल्या पोलादी स्प्रिंगचा दाब पात्याच्या बुंध्यावर बसतो आणि तेवढ्याच जोरावर पाते उघडं किंवा मिटलेलं राहतं. ओपिनेल किंवा जपानी हिगोनोकामीसारख्या काही जुन्या चाकूंना ही स्प्रिंगही नसते, पण त्यांनाही याच घराण्यात धरतात.

पायरी १: आधी काम ठरवा, मग पात्यांची संख्या

खिशातला चाकू दिवसभरात काय करतो? पार्सलची टेप, सुतळी, एखादं फळ, औषधाचं न फाटणारं पाकीट, पेन्सिलीचं टोक. यासाठी सहा ते आठ सेंटिमीटरचं पाते भरपूर झालं.

पात्यांच्या संख्येचा दर्जाशी थेट संबंध आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. एका पात्याच्या चाकूत एक पाते आणि एक स्प्रिंग एकमेकांशी जुळवायची असते. स्टॉकमन नावाच्या प्रकारात तीन पाती असतात: टोकदार क्लिप, सरळ धारेचं शीपफूट आणि बोथट टोकाचं स्पे, जे मुळात गुरांच्या खच्चीकरणासाठी वापरत. ही तिन्ही एकाच मुठीत एकमेकांना न घासता बसवायची असतात. म्हणजे कारागिराचं काम कितीतरी वाढलं. त्यामुळे सारख्याच किमतीत एका पात्याचा चाकू जवळजवळ नेहमी जास्त नेटका निघतो. बार्लो किंवा सॉडबस्टरसारखा साधा प्रकार आधी घ्या. स्टॉकमनचा मोह नंतर पुरवता येईल.

राहता त्या भागातला चाकूचा कायदाही याच वेळी बघून घ्या. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, तीन इंचांपर्यंत धार असलेला, लॉक नसलेला घडीचा चाकू खिशात बाळगता येतो. लॉक आलं की ती सवलत जाते. विमानाने जाताना तर तो चेक-इनच्या बॅगेतच टाकायचा.

पायरी २: पहिला चाकू स्वस्त आणि प्रामाणिक घ्या

माझ्या मते सुरुवात करण्यासारखे दोन चाकू आहेत: ओपिनेलचा ८ नंबर, आणि व्हिक्टोरिनॉक्सचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा कुठलाही साधा चाकू.

ओपिनेल फ्रान्सच्या साव्हॉय भागातला. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये बनवला आणि १९५५ मध्ये त्याला पाते अडकवणारी फिरती कडी बसली. सगळा चाकू पाच भागांचा: पाते, लाकडी मूठ, एक रिव्हेट, एक घट्ट कडं आणि ती फिरती कडी. स्प्रिंग घासून जुळवायची भानगडच नाही. म्हणून पैसे वाचतात, आणि वाचलेल्या पैशांचा त्रास पात्याला होत नाही. पाते पातळ, पाठीपासून धारेपर्यंत निमुळतं होत गेलेलं. सफरचंदातून ते ज्या सहजतेने जातं ते अनेक महागड्या चाकूंना जमत नाही. उणीव एकच. लाकूड ओल धरून फुगलं की पाते मुठीत घट्ट बसतं. त्यावर साव्हॉयच्या लोकांचाच उपाय आहे: मुठीचं बुंध्याकडचं टोक टेबलावर ठोकायचं, पाते आपोआप थोडं वर येतं.

व्हिक्टोरिनॉक्सची गोष्ट वेगळी. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ पासून सैनिकांना चाकू पुरवायला लागले. या चाकूंचं पोलाद मऊसर आहे, कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५६. धार लवकर उतरते, पण तितक्याच लवकर परत चढते. थरांमधल्या फटी, स्प्रिंगची बैठक, पात्यांचं उघडणं हे सगळं लाखांच्या संख्येतही सारखं राहतं. हा सारखेपणा म्हणजे उच्च दर्जा, फक्त तो नटलेला नसतो म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

या दोनपैकी एक घेतला की तुमच्या हातात मोजपट्टी आली. पुढचा कुठलाही महाग चाकू उचलला की विचारायचं: यापेक्षा हा नेमकं काय जास्त देतो?

पायरी ३: धार लावायला शिका, दुसरी खरेदी त्यानंतर

ही पायरी बहुतेक जण टाळतात. माझं मत ठाम आहे: ज्याला धार लावता येत नाही त्याला चाकूचं मोल कळू शकत नाही. कारखान्यातून आलेली धार ही त्या दिवशी घासायच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या माणसाच्या हाताची असते. उत्तम पोलादाचा चाकू बोथट येऊ शकतो आणि सुमार चाकू वस्तऱ्यासारखा. पहिली धार उतरली, तुम्ही ती परत लावली, की मग चाकू खरा बोलायला लागतो.

सामान थोडंच लागतं. एक हजाराच्या आसपासच्या ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड, एक चामड्याची पट्टी, आणि एक मार्कर पेन. धारेच्या उताराला मार्करने काळं करा, दगडावर दोन हलके हात मारा आणि बघा. शाई फक्त वरच्या बाजूची गेली असेल तर कोन फार चपटा पडतोय, फक्त धारेच्या कडेची गेली असेल तर फार उभा. सगळी शाई एकसारखी निघाली की कोन बरोबर. प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या जवळपास राहिलात तर ठीक. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागत नाही. तिला बर म्हणतात. बर बुंध्यापासून टोकापर्यंत सलग आली की बाजू बदला. शेवटी दाब कमी कमी करत तिला उतरवा आणि चामड्यावर पाठीच्या दिशेने ओढून साफ करा.

महिनाभरात चार-पाच वेळा हे केलंत की मोजपट्टी पक्की झाली. आता दुकानात जायला हरकत नाही.

पायरी ४: हातात घेऊन तपासा

पारंपरिक चाकूची एक मोठी चांगली गोष्ट म्हणजे त्याचं काम झाकलेलं नसतं. कारागिराने कुठे वेळ दिला आणि कुठे हात आखडला, हे सगळं डोळ्याला आणि अंगठ्याला कळतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

मिटलेला चाकू उजेडासमोर आडवा धरा. पाठीतली स्प्रिंग आणि तिच्या दोन बाजूंचे लायनर, म्हणजे पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे पातळ पत्रे, यांच्यामधून उजेड येतो का? केसाएवढी फट असली म्हणून कापण्यात काही फरक पडत नाही. पण तिथे ओल आणि मळ साठतो, आणि जुळवणीला किती वेळ दिला गेला तेही तिथेच कळतं. स्वस्त चाकूत अशी फट मी माफ करतो, महागात नाही.

आता पाठीवरून अंगठा फिरवा. चाकू मिटलेला असताना आणि पूर्ण उघडा असताना स्प्रिंग लायनरच्या पातळीत हवी. ती वर आलेली किंवा खाली दबलेली नको. काही चाकू अर्ध्यात, काटकोनात एक थांबा घेतात. त्याला हाफ स्टॉप म्हणतात. असा थांबा असेल तर तिथेही पातळी बघा. थांबा नसलेल्या चाकूत मधल्या प्रवासात स्प्रिंग थोडी वर उचलली जाणं साहजिक आहे, तो दोष नव्हे.

पाते उघडताना दोन गोष्टी बघायच्या: नखाला किती जोर लागतो, आणि शेवटी खटकन बसतं का. जाणकार याला वॉक अँड टॉक म्हणतात. म्हणजे पात्याने गुळगुळीत चालत यायचं आणि जागेवर आल्याचा आवाज द्यायचा. जोर जास्त म्हणजे चाकू चांगला, हा गैरसमज आहे. नखाची खाच बिजागरीच्या फार जवळ कोरली असेल तर साधी स्प्रिंगही कडक वाटते. नख मोडणारा चाकू घरी पडून राहतो, मग त्याचा दर्जा कितीही असो.

पूर्ण उघडलेलं पाते टोकाजवळ पाठीकडून चिमटीत धरून हलवा. डावी-उजवीकडे किंचित प्ले, म्हणजे सैलपणा, असेल तर बिजागरीची पिन हलक्या हाताने ठोकून तो बहुधा घालवता येतो. वर-खाली प्ले असेल तर मात्र स्प्रिंग आणि पात्याचा बुंधा यांची जुळणीच चुकलेली आहे. तो चाकू ठेवून द्या.

पाते मिटवून वरून बघा. एका पात्याच्या चाकूत ते खाचेच्या मधोमध हवं आणि टोक मुठीच्या आत पूर्ण बुडलेलं हवं. बाहेर राहिलेलं टोक खिसा फाडतं, बोटही. दोन-तीन पात्यांच्या चाकूत पाती बुंध्याशी जरा वाकवलेली दिसतील. नवखे लोक हे बघून चाकू परत करतात! वाकडेपणा मुद्दाम दिलेला असतो, पाती एकमेकांना न घासता शेजारून जावीत म्हणून, आणि तो नेटका देणं ही कौशल्याची गोष्ट आहे. एकमेकांवर घासून उठलेल्या रेघा दिसल्या तरच तक्रार करा.

एक छोटी परीक्षा घरी करता येते. कागदाची बारीक पट्टी मुठीच्या खाचेत ठेवा आणि पाते स्प्रिंगच्या जोरावर मिटू द्या. पट्टी कापली गेली तर धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आहे. असा चाकू शेवटपर्यंत हाताने धरून हळू मिटवायचा, नाहीतर धारेवर त्या एका जागी कायम चपटा ठिपका पडत राहील.

मुठीच्या पिनांभोवती बघा. हाड, लाकूड, शिंग यांत पिनेपासून निघालेली केसासारखी चीर पुढे वाढतेच, तेव्हा तिथे दयामाया नको. हाड आणि धातू यांच्या सांध्यात अंगठ्याला जाणवणारी छोटी पायरी मात्र चालते, हाड कोरड्या हवेत थोडं आटतंच.

सगळ्यात शेवटी पाते टोकाकडून डोळ्यासमोर धरा. दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का? धारेच्या लगेच मागे पोलाद किती जाड आहे? ही जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर चाकू कापेल. तीच दुप्पट असेल तर गाजर कापताना तो पाचरीसारखा शिरेल आणि गाजर तडकन फुटेल. मुठीवरच्या नक्षीकडे दहा मिनिटं बघणारी माणसं इथे एक नजरही टाकत नाहीत. चाकू कापण्यासाठी असतो, म्हणून माझ्यासाठी तरी ही या सगळ्यातली पहिली कसोटी आहे.

दुरून मागवत असाल तर विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: मिटलेला चाकू उजेडासमोर, उघडा चाकू पाठीकडून, मिटलेला चाकू वरून. चांगला विक्रेता आनंदाने देतो.

पायरी ५: पोलादाचं नाव वाचा, पण त्यावर थांबू नका

पारंपरिक चाकूत दोन घराणी भेटतात. एक साधं कार्बन पोलाद. अमेरिकेतल्या टायटसव्हिल इथल्या ग्रेट ईस्टर्न कटलरीचे बहुतेक चाकू १०९५ पोलादाचे असतात, ज्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. ओपिनेलही कार्बन पोलादात मिळतो. धार बारीक लागते, दगडावर पटकन लागते, पण गंज धरतो. दुसरं घराणं स्टेनलेस: केस या अमेरिकी कंपनीचं ट्रू-शार्प, म्हणजे ४२०एचसी, स्वस्त चिनी चाकूंमधलं ४४०ए, ओपिनेलच्या स्टेनलेस पात्यातलं १२सी२७. यांत साधारण १३ टक्के किंवा जास्त क्रोमियम असतं.

नावापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पोलादाला पाणी कसं दिलंय. तेच पोलाद नीट तापवून, विझवून, परत योग्य तापमानाला शेकलं तर टिकतं. घाईत केलं तर धार दुमडते किंवा तिचे टवके उडतात. हे पाटीवर लिहिलेलं नसतं. ते फक्त तुमच्या दगडावर आणि आठवड्याभराच्या वापरात कळतं, म्हणून तिसरी पायरी आधी सांगितली.

पायरी ६: जास्तीचे पैसे कशाचे, ते ओळखा

अगदी स्वस्तातून एक टप्पा वर आलात की पैशांचं चीज लगेच दिसतं: पाते सरळ, पाणी नीट, प्ले नाही. पुढच्या टप्प्यात पैसे हाताच्या कामाचे पडतात. फटी बुजतात, कडा मऊ होतात, मूठ हातात बसते. इथेही मी आनंदाने पैसे देतो, कारण रोज हाताळायच्या वस्तूत हे सुख खरं असतं. त्यापुढे मात्र किंमत कापण्यापासून सुटते आणि तीन गोष्टींच्या मागे लागते: मुठीचं साहित्य, दुर्मीळपणा आणि नाव.

मुठीचं घ्या. सांबराचं शिंग पूर्वी चाकूच्या मुठीला सर्रास वापरत. भारताने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि जगभर जुन्या साठ्याचे भाव चढले. शिंग हातात छान बसतं, पकड देतं, पण शेजारच्या प्लॅस्टिक मुठीच्या चाकूपेक्षा ते सुतळी जास्त चांगली कापत नाही. दुर्मीळपणाचं तेच. ग्रेट ईस्टर्न २००६ मध्ये सुरू झाली आणि लहान लहान तुकड्यांत चाकू काढते. तुकडी संपली की तोच चाकू दुसऱ्या हाती कितीतरी जास्त भावाने जातो. चाकू उत्तमच आहे, पण त्या वाढीव रकमेत पोलादाचा एक कणही वाढलेला नसतो. रफ रायडर या स्वस्त ब्रँडचा चिनी चाकू त्याच्या शेजारी ठेवलात तर जुळवणी थक्क करण्याइतकी चांगली दिसेल. फरक पात्याच्या उतारात, धारेच्या टिकाऊपणात आणि एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंतच्या सारखेपणात सापडेल.

नावांबद्दल सावध राहा. जर्मनीत झोलिंगन या शहराचं नाव कायद्याने राखलेलं आहे, महत्त्वाचं काम तिथे झालं असेल तरच ते पात्यावर घालता येतं. लागिओलचं तसं नाही. ते फ्रान्समधलं एक गाव आणि एका आकाराचं नाव. तो आकार, माशीच्या खुणेसकट, कितीतरी ठिकाणी बनतो: खुद्द लागिओल गावात, फ्रान्समधल्याच तिएर गावात, आणि दूरच्या कारखान्यांत अगदी कवडीमोलानेही. म्हणून पात्यावर बनवणाऱ्याचं नाव शोधा. न्यूयॉर्क राज्यातली इम्पीरियल श्रेड २००४ मध्ये बंद पडली. श्रेड हे नाव विकलं गेलं आणि पुढचे चाकू चीनमधून आले. नाव तेच, हात वेगळे.

पायरी ७: जुना चाकू घ्यायचा असेल तर

जुन्यात मोल फार असतं, फसगतही तितकीच. पाते मूळ रुंदीचं आहे का ते आधी बघा. वर्षानुवर्षं धार लावून ते झिजलेलं असेल तर मिटवल्यावर खाचेत फार खोल जातं. यंत्रावर घासून चमकवलेल्या पात्यावर अक्षरं पुसट आणि कडा गोल झालेल्या दिसतात. त्यापेक्षा काळवंडलेलं पण न घासलेलं पाते बरं.

केस कंपनीच्या चाकूंत वय काढणं सोपं आहे. १९७० पासून त्यांनी पात्याच्या बुंध्यावर ठिपके द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी दहा, मग दरवर्षी एक कमी. क्रमांकही बोलका असतो. ६३१८ मध्ये ६ म्हणजे कोरीव हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती आणि १८ हा त्या स्टॉकमनचा साचा.

जुन्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लॅस्टिकच्या, रंगीत मुठी देखण्या असतात, पण सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून वाफा सुटतात आणि शेजारचं पोलाद गंजायला लागतं. असा चाकू बाकीच्यांपासून वेगळा, मोकळ्या हवेत ठेवा.

पायरी ८: घरी आणल्यावर, नावं ठेवण्याआधी

माझा पहिला महाग चाकू आला तेव्हा तो इतका कडक होता की दोनदा उघडल्यावर नख दुखायला लागलं. परत पाठवायचं पाकीट तयार केलं होतं. पाठवण्याआधी म्हणून कोमट पाणी आणि साबणाने बिजागरी धुतली, तर काळं पाणी निघालं. कारखान्यातली पॉलिशची भुकटी आत अडकलेली होती. तो पूर्ण वाळवला, बिजागरीत खाद्य दर्जाच्या मिनरल तेलाचा एक थेंब सोडला आणि पन्नासेक वेळा उघड-मीट केली. चाकू आजही माझ्याकडे आहे. स्वयंपाकाचं तेल मात्र वापरू नका, ते काही आठवड्यांत चिकट होऊन बसतं.

कार्बनचं पाते फळ कापताना निळसर-करडं होईल. तो रंग येऊ द्या, त्या थराने पुढचा गंज मंदावतो. तांबूस ठिपका दिसला तर तो गंज, लगेच तेल लावून मऊ कापडाने काढायचा. वापरानंतर पाते पुसून कोरडं करायचं, एवढी शिस्त पुरते. आणि चामड्याची म्यान कितीही सुंदर असली तरी चाकू महिनोन् महिने तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलाद खातात. म्यान बाहेर जाताना वापरायची, घरी आल्यावर चाकू ड्रॉवरमध्ये सुती कापडावर ठेवायचा.